दोघींची कार्डं

"ताई, तुझं कार्ड माझ्या अर्जाच्या पाकिटात कसं आलं?"

थोरलीच्या एका हातात मेणाची दाढ होती, दुसऱ्या हातात फोन. दातांच्या कवळ्या घडवणाऱ्या त्या प्रयोगशाळेत कामाच्या वेळी फोन घ्यायला मनाई होती. पण धाकटीचा फोन वाजायचा थांबतच नव्हता.

"कसलं कार्ड?"

"रहिवासाचं! व्हिसाच्या खिडकीवरच्या बाईने पाकिटातून काढलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, ह्या तुम्ही नाहीत. फोटो तुझा, नाव तुझं. मग माझं कार्ड कुठंय?"

थोरलीने दाढ खाली ठेवली आणि खुंटीवरची पर्स उघडली. कार्डाचा कप्पा रिकामा होता. तिचं कार्ड नव्हतंच, पण बदल्यात धाकटीचंही नव्हतं. म्हणजे नुसती अदलाबदल झाली नव्हती.

दोघी बहिणी या शहरात परक्याच. धाकटीचा नवराही इथेच कामाला, आणि तिघं एकाच घरात राहत. धाकटी नर्स. तिला आता आणखी एका देशातल्या मोठ्या इस्पितळात नोकरी लागली होती, आणि त्यासाठी लागणाऱ्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज ती इथूनच करत होती. मायदेशाबाहेरून अर्ज करणाऱ्याला एक जास्तीचा पुरावा द्यावा लागतो: आपण इथे रीतसर राहतो, याचा. ते कार्ड म्हणजे तोच पुरावा. धाकटीच्या कार्डाची मुदत संपत आली होती. आजचा दिवस हुकला तर इथून तिचा अर्ज कुणी घेणार नव्हतं, आणि खिडकी दुपारी चारला बंद होणार होती.

"मी निघालेच," थोरली म्हणाली.

"ताई..." धाकटी घुटमळली. "तू नाही ना?"

थोरलीने फोन ठेवला.

विचारणं चूक नव्हतं. त्याच देशाचा व्हिसा थोरलीने मागच्या वर्षी मागितला होता आणि तो नाकारला गेला होता. तेव्हापासून घरात धाकटीची फाइल उघडली की थोरली तोंडभर हसायची आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच घासलेली भांडी पुन्हा घासायची. कालही तसंच झालं होतं. कालची ती काही मिनिटं तिला आठवली. तिने ती मागे सारली आणि बस पकडली.

व्हिसा केंद्राबाहेरच्या बाकावर धाकटी बसली होती. डोळे लाल. शेजारी तिची इस्पितळातली मैत्रीण, अंगाने एवढीशी म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. नोकरीच्या निवडीत चिमणीचा नंबर धाकटीच्या लगेच खाली होता. धाकटी गेली नाही, तर चिमणी जाणार.

थोरलीने वेळ घालवला नाही. "पाकीट काल कुठे होतं?"

"माझ्या कपाटात. चिमणीने आणि मी संध्याकाळी कागद लावले, कार्ड प्लास्टिकच्या कव्हरात घातलं. मग ती घरी गेली."

"सकाळी उघडलंस?"

"कार्डाचा निळा रंग दिसला, तेवढं पुरे वाटलं. तुझंही तसंच निळं."

"नंतर?"

"बसस्टॉपवर चिमणी भेटली. बसमध्ये पाकीट तिच्या मांडीवर होतं. मला सासूबाईंचा फोन आला होता ना."

"इतक्या सकाळी? काय म्हणाल्या?"

"काही नाही गं. तुझी खोली झाडून घेतली, गादीला ऊन दिलं, कधी येतेस. त्यांचं हल्ली असंच काहीतरी चालतं."

थोरली चिमणीकडे वळली. "पाकीट तुझ्या मांडीवर होतं तर."

"होतं," चिमणी म्हणाली. तिचे कान तापले होते. "आणि खरं सांगू, ताई? जळते मी हिच्यावर. निवड झाली त्या दिवशी हिला मिठी मारली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. पण मला हिला अडवायचंच असतं, तर मी नोकरीचं पत्र नसतं का पळवलं? नाहीतर पासपोर्ट? कार्ड घेऊन काय होणार? ही मायदेशी, घरी जाईल आणि तिथून अर्ज करेल. उशीर होईल, एवढंच."

थोरली तिच्याकडे बघत राहिली.

"परत बोल."

"काय?"

"कार्ड घेऊन काय होणार?"

"ही घरी जाईल," चिमणी म्हणाली.

थोरली उठली. "चला. जावईबापूंच्या कारखान्यात."

"त्यांना कशाला त्रास?" धाकटी म्हणाली. "मी फोनवर रडले, तर बिचारे म्हणाले, घाबरू नको, घरून अर्ज करू."

"बिचारे," थोरली म्हणाली आणि चालू लागली.

धाकटीचा नवरा सोफ्यांना कापड चढवण्याच्या कारखान्यात कामाला होता. थोरली त्याला लग्नापासून चेष्टेने जावईबापू म्हणायची. तिघी आत शिरल्या तेव्हा तो एका उघड्यावाघड्या खुर्चीच्या पाठीवर कापड ताणत होता. बायकोला बघून त्याने हातातलं यंत्र खाली ठेवलं.

"मिळालं का?"

"मिळेल," थोरली म्हणाली. "जावईबापू, काल रात्री आईंशी बोललात?"

"रोजच बोलतो."

"सून घरी येतेय, असं कधी सांगितलंत?"

"असं कुठे सांगितलं?"

"मग त्यांनी आज सकाळी खोली कुणासाठी झाडली?"

तो पुन्हा खुर्चीवरचं कापड ताणू लागला. मागे कुणाचं तरी यंत्र खटखट वाजत होतं.

"ताई, काय बोलतेस तू?" धाकटी म्हणाली. "सकाळी पाकीट चिमणीकडे होतं. आणि आत तुझं कार्ड होतं. तुझं!"

"तेच सांगते," थोरली म्हणाली. "चिमणीने बसमध्ये माझं कार्ड आत घालायचं, तर ते तिला आदल्या संध्याकाळीच माझ्या पर्समधून घ्यावं लागलं असतं. तिने घेतलं नव्हतं. कारण ती गेल्यावर दोन्ही कार्डं जागच्या जागी होती."

"तुला काय माहीत?"

थोरलीने एकदा सगळ्यांकडे बघितलं. हे न सांगता चिमणी सुटत नव्हती.

"तू अंघोळीला गेलीस तेव्हा मी तुझं कपाट उघडलं. तुझं कार्ड काढलं, माझ्या कार्डाशेजारी ठेवलं. बघत बसले. सारखंच नाक, सारखंच कपाळ, एकाच आईच्या दोघी, मग हिलाच का? माझ्या मनात काय काय आलं ते विचारू नकोस. पण मी तुझं तुझ्या कव्हरात ठेवलं आणि माझं माझ्या पर्समध्ये. पर्स दारामागच्या खुंटीला लावली. त्यानंतर घरात आपण तिघंच होतो."

धाकटीचा चेहरा उतरला. तिने बहिणीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"पासपोर्ट गेला असता तर तू इथेच अडकली असतीस," थोरली पुढे म्हणाली. "पत्र गेलं असतं तर दुसरं मागवता आलं असतं. ज्याने कार्ड नेलं, त्याला तुला घरी धाडायचं होतं. तिथे सासूबाई आहेत, समजूत घालायला. अर्जाला महिने लागणार, तोवर नोकरी हातची जाणार. आणि रिकामं कव्हर तुझ्या लक्षात आलं असतं, म्हणून त्यात माझं कार्ड घातलं. आळही आपोआप माझ्यावर. मी जळकी, हे सगळ्या घराला ठाऊक. बरोबर ना, जावईबापू?"

तो खाली बघून बोटाला लागलेला धागा सोडवत राहिला.

"त्या लोकांनी तुझी मुलाखत घेतली ना," तो अखेर बायकोला म्हणाला, "तेव्हा मी दाराबाहेर होतो. तू त्यांच्या भाषेत बोलत होतीस. हसत होतीस. असं हसताना मी तुला कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आत दुसरीच कुणी बाई आहे, आणि ती माझी नाही."

"म्हणून ताईवर ढकललंत?" धाकटी म्हणाली.

"ताई!" तो एकदम उसळला. "काहीही झालं की पहिला फोन ताईला. आजसुद्धा कुणाला केलास आधी? मी आपला नंतर. नेहमीच नंतर."

"कार्ड कुठंय?"

त्याने सदऱ्याच्या खिशातून कार्ड काढलं. ते निळं कार्ड घामाने ओलसर झालं होतं.

"फेकणार होतो," तो म्हणाला. "पण त्यावर तुझा फोटो आहे."

धाकटीने ते त्याच्या बोटांतून ओढून घेतलं. ते रुमालाने पुसून पाकिटात घातलं.

"मी येऊ तुझ्याबरोबर?" त्याने विचारलं.

ती आधीच दाराबाहेर होती.

बसमध्ये चिमणीने सगळा वेळ धाकटीचा हात धरून ठेवला. थोरली पुढच्या बाकावर एकटी बसली. उतरताना धाकटी तिच्याजवळ थांबली.

"माझं कपाट परत उघडू नकोस."

"नाही उघडणार."

खिडकी बंद व्हायला थोडा अवकाश होता. तीच बाई होती. तिने कार्ड घेतलं, फोटो बघितला, धाकटीचं तोंड बघितलं आणि मान हलवली. बोटांचे ठसे झाले. मग तिने अर्ज पुढे सरकवून एका रकान्यावर बोट ठेवलं.

"पतीचा अर्ज सोबत जोडायचाय का? की एकट्याच जाणार?"

धाकटीने मागे वळून कुणाकडेही बघितलं नाही.

"एकटीच," ती म्हणाली.

काचेपासून दोन पावलांवर उभ्या थोरलीला पुन्हा हेवा वाटला. पण या खेपेला तो व्हिसाचा नव्हता. तो शब्द तिने इतक्या सहज कसा उच्चारला, याचा होता.