आवाजाची शेपूट

वहिनी तळघरात उतरल्या त्या एक डबी आणायला, एवढंच. साडेचार वाजून गेले होते, बाहेर लख्ख ऊन होतं, वर चहाचं आधण ठेवायचं राहिलं होतं. पाच मिनिटांचं काम.

तळघर म्हणजे भावजींची, त्यांच्या धाकट्या दिरांची, कामाची खोली. भावजी इलेक्ट्रिक गिटारची पेडल्स दुरुस्त करत. पायाने दाबायच्या लोखंडी डब्या त्या. गिटारचा आवाज त्यांच्यातून गेला की त्याचं रूपच पालटतं. आणायची होती ती निळी डबी दोन कामं एकदम करायची. आवाज लाटेसारखा वरखाली थरथरवायची आणि रिकाम्या खोलीत घुमावा तसा घुमवायची. भावजींनी एकदा कौतुकाने दाखवली होती. "वहिनी, या डबीत एक अख्खी खोली आहे. झाडायला नको, पुसायला नको. तुमच्यासाठीच केलेली."

तेव्हा भावजींना आवाज होता.

महिन्यापूर्वी ते खाली एकटेच ही डबी तपासत बसले होते. वहिनींचे यजमान, ज्यांना भावजी दादा म्हणत, जेवायला तीनदा हाका मारून थकले. शेवटी तणतणत खाली गेले आणि त्यांनी भिंतीतला प्लगच उपटला. भावजी वळले, त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यातून काहीच बाहेर आलं नाही. डॉक्टरांनी नाना तपासण्या केल्या. घशात काही खोट नाही म्हणाले. दादा तेव्हापासून जेवताना मान वर करत नव्हते, आणि रोज पाचला फिरायला निघताना तळघराचा मेन स्विच न चुकता खाली ओढत, जणू खाली कुणी पिसाळलेलं जनावर बांधलं होतं.

वहिनींनी देवाला साकडं घातलं. अकरा दिवस, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मौन. माझा आवाज ठेवून घे, पण त्यांचा परत दे. भावजींनी पाटीवर लिहून विचारलं होतं, "घरात आता दोन मुके. एकटा दादा बोलणार. हे ऐकायला देव तयार आहे का?" वहिनी पदराआड हसल्या होत्या, पण नेम मोडला नव्हता. आज अकरावा दिवस होता.

डबीचा मालक सहाला येणार होता. भावजी त्या दिवसानंतर जिना उतरले नव्हते. त्यांनी पाटी पुढे केली, "देण्याआधी चालू करून बघा. लाल दिवा लागला की झालं."

खोलीचं दार जाड, आतून गादीसारखं मढवलेलं. आतली मूठ कधीचीच निखळली होती, म्हणून दाराखाली लाकडी पाचर सारूनच आत जायचं हा शिरस्ता. मेन स्विच वहिनींनी उतरतानाच वर केला होता. त्यांनी पाचर सारली. भिंतींवरही काळा फोम; आत खोकललं तरी बाहेर कळायचं नाही. डाख लावताना येतो तो जळका वास महिनाभर कोंडून आंबूस झाला होता.

सगळं त्या दिवशीसारखंच पडलं होतं. स्टँडवर भावजींची जुनी गिटार, तिची वायर निळ्या डबीत, डबीची वायर स्पीकरला. ती गिटार इतकी जुनी की तारांबरोबर माणसाचं बोलणंसुद्धा पकडायची. भावजी तिच्याजवळ तोंड नेऊन हाका मारत आणि स्पीकरमधून ऐकून हसत. वहिनींनी जमिनीवरची लांब वायर ओढून प्लग भिंतीत बसवला. लाल दिवा लागला.

त्या वायरचं वेटोळं पाचरीभोवती होतं. पाचर सरकली. दार अजिबात न वाजता मिटलं.

वहिनी धावल्या. बोटं फटीत शिरेनात. हाक मारायला तोंड उघडलं आणि नेम आठवून मिटलं. मग दार ठोठावायला हात उचलला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"...नी..."

उचललेला हात तसाच राहिला.

"...ऐका..." आवाज वर आला, ओसरला, पुन्हा वर आला. खूप लांबून, एखाद्या प्रचंड रिकाम्या दालनाच्या दुसऱ्या टोकाकडून यावा तसा. "...ऐका ना..."

भावजींचा आवाज. महिन्यात पहिल्यांदा.

त्याच क्षणी वहिनींना सगळं उलगडलं. भावजी नेहमी सांगत, आवाज थांबला तरी त्याची शेपूट राहते. ती विरेपर्यंत वायर उपटायची नाही. आणि शेपूट चालू असताना नवा आवाज करायचा नाही, नाहीतर दोन्हींची वेणी होते, मग ती कुणालाच सोडवता येत नाही. त्या दिवशी भावजी त्यांनाच हाक मारत होते, काहीतरी ऐकवायला. दादांनी प्लग उपटला तेव्हा हाक अर्धी आत राहिली होती. आता ती विरू दिली, तर... तर कदाचित.

म्हणजे ठोठावायचं नाही. श्वाससुद्धा जपून. गिटार तीन हातांवर होती, आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

"...वहिनी... ऐका..."

भिंतीवरचं घड्याळ पाचला दहा कमी दाखवत होतं. पाचला दादा स्विच ओढणार. शेपूट तेवढ्यात संपायला हवी, आणि ती तर संपायचं नाव घेईना. दर ओहोटीला वाटे, गेली. मग ती पुन्हा वर येई, तशीच थरथरत.

पाचला पाच कमी. वहिनी अनवाणी पावलांनी डबीपाशी गेल्या. एका बटणाने डबीतली खोली लहान होते, हे त्यांनी पाहिलं होतं. खोली लहान केली की घुमणं आखडतं. मनात देवाचं नाव घेऊन त्यांनी ते बटण किंचित मागे फिरवलं.

आवाज जवळ आला. दालनातून सभागृहात, सभागृहातून जिन्यात. आणखी थोडं. भावजी आता जणू बोळातून चालत येत होते. वहिनींच्या कानांत दडे बसले. आणखी थोडं... आणि त्यांच्या पाठीला काहीतरी मऊ लागलं.

फोम.

वहिनी तर खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. भिंत चार पावलं मागे होती. असायला हवी होती.

त्या दचकल्या आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा निसटला. छन्न.

स्पीकरमधून अगदी कानाशी आल्यासारखं "ना" उमटलं, आणि त्यात गुंतलेलं, त्याच लयीत वरखाली होणारं, छन्न... छन्न... छन्न...

पाच वाजले. लाल दिवा विझला. खोलीचाही.

आवाज विरला होता की तुटला होता, वहिनींना कळलं नाही. अंधारात त्यांनी हात जोडायला उचलले, तर कोपरं दोन्हीकडे टेकली. पुढे बोटांना फोम लागला. श्वास सोडला की तो तोंडावरच परत येत होता. जागा त्यांच्याच मापाची झाली होती. ओरडावंसं फार वाटलं. जीभ दातांत धरून त्या देवाला एवढंच म्हणत राहिल्या, मी बोलले नाही, हे तू पाहिलंस.

किती वेळ गेला कोण जाणे.

"वहिनी!"

दार उघडलं. जिन्यावरचा उजेड आत आला. दारात भावजी, मागे चप्पल घालता घालता थांबलेले दादा. वहिनी खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, भिंती आपापल्या जागी. पायाशी जुडगा पडला होता.

"वर बसलो होतो, आणि तोंडातून एकदम 'ना' आलं," भावजी रडत आणि हसत सांगत होते. "फक्त 'ना'. मग सगळंच आलं." दादा पायरीवरच बसले आणि त्यांनी तोंड ओंजळीत झाकलं.

वहिनी डोळे पुसत वर आल्या, देवापुढे दिवा लावला, पण बोलल्या नाहीत. सूर्य अजून वर होता. सहाला मालक येऊन डबी घेऊन गेला. तो दुसऱ्या गावचा, रात्रीच्या गाडीने निघणारा. मग तिघं चहाला बसली. भावजींनी महिन्याची थकबाकी काढली. मालकाच्या केसांपासून दादांच्या रागापर्यंत सगळ्यांची टिंगल झाली. दादासुद्धा हसले. मग एक गोष्ट सांगून भावजी थांबले, कुणीच काही बोलेना, आणि त्या शांततेत दादांनी कान टवकारले.

"अगं, किल्ल्या पडल्या का तुझ्या?"

वहिनींनीही ऐकलं होतं. भावजींचं वाक्य संपलं की थोड्या अंतराने, बारीक, वरखाली होत. त्यांनी कमरेला हात लावला. जुडगा जागेवर होता. त्यांनी तो सोडून तळहातावर हलवला. मग जोरात हलवला. आठही किल्ल्या एकमेकींवर आपटत होत्या आणि कसलाच आवाज येत नव्हता.

खिडकीबाहेर सूर्य बुडाला होता. नेम पूर्ण झाला होता.

"नाही," वहिनी म्हणाल्या. नेम सुटल्यावरचा पहिला शब्द. "माझ्याकडेच आहेत."

"मग मला का वाटलं," दादा म्हणाले. भावजी हसून काहीतरी बोलले, आणि बोलून गप्प झाले.

या वेळी ते छन्न थोडं जास्त वेळ टिकलं.