फ्लोरीनं खाल्लेलं हाड

"हसू नका. आल्सीद म्हणजे माझ्या बायकोचा सख्खा भाऊ. त्याच्याच तोंडून ऐकलंय मी," असं म्हणत इझिडोर आजोबांनी शेगडीत लाकूड सरकवलं. खोदकामावर आलेली पोरं चहाचे मग धरून जवळ सरकली.

गोष्ट बरीच जुनी. सप्टेंबरातला शेवटचा शनिवार होता. अमावास्या. कॅनडातल्या सस्कॅचवान नदीकाठच्या जुन्या गढीचं खोदकाम त्या वर्षापुरतं संपलं होतं. नदीत राहणाऱ्या, दातांनी झाडं कुरतडून पाडणाऱ्या बीव्हरच्या कातड्यांसाठी गोऱ्या व्यापाऱ्यांनी बांधलेली ती गढी. तिच्या उकिरड्यात सापडलेल्या बीव्हरच्या हाडांची पेटी रातोरात शहरात पोचवायची, एवढंच आल्सीदचं काम. शेजारच्या सीटवर त्याची कुत्री, फ्लोरी. बायको गेल्यापासून घरात त्याचं ऐकून घेणारं तेवढं एकच माणूस.

"आजोबा, कुत्री म्हणजे माणूस?" डार्सीनं टोचलं.

"तुझ्यापेक्षा शहाणी होती. ऐक. आपण क्री लोक, इथले मूळचे, बीव्हर खाल्ला की हाडं नदीला परत देतो. कुत्र्याला कधीच घालत नाही. गढीतला साहेब मात्र मुद्दाम, आपल्या शिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, ती कुत्र्यांपुढे फेकायचा. एका हिवाळ्यात सगळी कुत्री नदीच्या बर्फाखाली गेली. पाठोपाठ साहेब."

आल्सीदला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण फ्लोरी भुकेली होती. पेटीकडे तोंड करून सारखी कुंई-कुंई करत होती.

"घे बाई, चघळ. दोनशे वर्षांनी त्यात उरलंय काय!"

कुडुम्. तिनं हाड फोडलं. गिळलं.

थोडं पुढे गेल्यावर... फट्ट!

बीव्हर शेपटी पाण्यावर आपटतो, तसा आवाज. पण दोन्ही बाजूंना नुसती कापलेली गव्हाची शेतं. पाणी कुठलं?

फट्ट. मागे.

फट्ट. टपावर.

आल्सीदनं गाडी वळवली ती थेट नदीवर. नोकरी गेली तर जाऊ दे. अख्खी पेटी त्यानं पाण्यात उपडी केली.

"चुकलो! घ्या तुमचं सगळं. हिला तेवढी सोडा!"

शांत.

मग पाण्यातून एक डोकं वर आलं. मग दुसरं. मग नदीभर... सगळी फ्लोरीकडे बघत.

सगळं कुठं दिलं होतं? एक हाड तिच्या पोटात होतं.

"फ्लोरे... इकडे ये. ये गं..."

तिनं एकदाच मागे पाहिलं. शेपूट हलवली. पाण्यात चालत गेली.

पाय. पाठ. कान...

फट्ट.

पोरांचे चहाचे मग हातातच निवले.

"म्हणजे... फिटलं ना?" डार्सीनं हळूच विचारलं.

"त्यालाही तसंच वाटलं. पहाटे घरी आला. दारात पॉप्लरचं जुनं झाड. बुंधा चहूबाजूंनी कुरतडलेला. खाली ताज्या ढलप्या. मधे अंगठ्याएवढा गाभा तेवढा शिल्लक. नदी तिथून पार लांब..."

आजोबांनी दाराकडे पाहिलं.

"झाड अजून उभं आहे. त्याच्या झोपायच्या खोलीवर झुकून. वादळातसुद्धा हलत नाही."