तोंडी लावायला पास्ता

किशोर मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो आमच्या पत्र्यावर उभा राहून एका वानराशी बोलत होता.

"ऊठ भावा. छत्री हाय ती, खुर्ची नाय."

वानर डिशवरून उठलं. शांतपणे, अर्धा हात वायर तोडून घेऊन गेलं.

"ऐकतं," किशोर वरून म्हणाला. "शिडी नीट धरा हो."

"धरलीय. तुम्ही हसवू नका."

वरंधजवळच्या आमच्या वाडीत छत्री बंद म्हणजे जेवण बंद. रोज दुपारी एकला टीव्हीवर 'राजेशाही घास' लागतो आणि अख्खी वाडी आपापलं ताट घेऊन आमच्या ओटीवर येते. ताटात नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं. टीव्हीवर चीज, मशरूम, भाजलेलं काहीबाही. एक घास ताटातला, एक नजर टीव्हीवरची. सहा वर्षांत यातलं काहीही कोणी करून बघितलेलं नाही. "करायचा कशाला गो?" चंपाबाई म्हणते, "नुसता बघितला तरी पिठल्याला चव येते."

जागा ठरलेल्या. चंपाबाई खांबाला टेकून, हैबतीआबा पंख्याखाली. आबांचे भाऊ वारले तेव्हा त्यांची जागा आठ दिवस रिकामी ठेवली होती. किशोर पोलादपूरचा, महाडात त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. त्या दिवशी काम झाल्यावर आईने त्याला ताट दिलं, पण जागा नव्हती. तो दारात उभ्याने जेवला.

त्यानंतर छत्री दर पंधरा दिवसांनी बिघडू लागली.

"परत वानर?" किशोर विचारायचा.

"परत."

"नट पान्याने सोडवलाय त्याने."

"हुशार जात आहे," मी म्हणायची.

तो माझ्या हाताकडे बघायचा... हाताला ग्रीस असायचं. मग तो नट पुन्हा बसवायचा. फार घट्ट नाही.

असं पाच महिने चाललं. मग बाबांनी मुंबईहून स्थळ पाठवलं. मुलगा यशराज, डोंबिवलीला फ्लॅट. रविवारी दुपारी दोनला बघायला येणार.

"मुंबईचं माणूस हाय," आई म्हणाली. "पोहे नकोत. पास्ता."

नेमका रविवारी 'राजेशाही घास'मध्ये व्हाइट सॉस पास्ता होता. आईने महाडच्या बाजारातून सामान आणवलं, शेगडी टीव्हीसमोर मांडली आणि खबरदारी म्हणून किशोरला आधीच पत्र्यावर बसायला बोलावलं.

मी शिडी धरली. तो दुसऱ्या पायरीवर थांबला.

"स्थळ चांगलं हाय म्हणे."

"फ्लॅट आहे."

"छत्री?"

"केबल."

"मग... माझं काय काम नाय तिथे," म्हणाला आणि वर गेला.

एकला टीव्हीवरच्या बाईने लसूण परतला, आईने परतला. बाईने मैदा, दूध घातलं, आईने घातलं. वास असा सुटला की हैबतीआबांनी सहा वर्षांत पहिल्यांदा ताट खाली ठेवलं. हा पास्ता जमला तर मी डोंबिवलीला जाणार होते.

"आणि आता यात घालायचंय आपलं सीक्रेट..." बाई म्हणाली आणि पडदा निळा झाला.

देवाशपथ, या वेळी मी नव्हते.

"किशोर!" आई ओरडली.

"बघतोय काकी!"

बारा मिनिटं तो बघत होता. चित्र आलं तेव्हा तीच बाई, तीच साडी, तीच कढई, आत तसंच पांढरं. "गूळ, वेलची आणि भरपूर सुकं खोबरं," ती म्हणाली. ती पुढची खीर होती, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

"हाच तो सीक्रेट," चंपाबाई म्हणाली. आईने घातलं.

यशराजने एक घास खाल्ला. पाणी मागितलं. पुन्हा मागितलं.

"तुम्ही... रोज असं खाता?"

खरं सांगायची हीच वेळ होती.

"रोज," मी म्हणाले.

अडीचला त्यांची गाडी गेली. नकार महाड ओलांडायच्या आतच फोनवर आला. आई कढई पुढ्यात घेऊन बसून राहिली.

किशोर खाली उतरला. मी अजून शिडीच धरून होते.

"काय बिघडलं होतं?"

"वानर बसलं होतं. दोन मिनिटांचं काम."

"बारा लागली."

"वास पत्र्यापर्यंत येत होता..." तो शिडीकडे बघत म्हणाला. "पास्ता लय चांगला होत होता, सेजल. मला भीती वाटली."

मी खिशातून पाना काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटसुलट बघितला आणि आपल्या पिशवीत टाकला.

मग तो ओटीवर गेला. "काकी, वाढा."

लसूण, गूळ, वेलची, खोबरं. त्याने दारात उभ्याने ताटभर खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं, तरी पुसलं नाही. ताट पुढे केलं. "अजून."

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग खांबाकडे.

"चंपाबाय, सरक गो."

"सहा वर्सांत नाय सरकले मी!"

"सरक म्हणते ना."

चंपाबाई सरकली. किशोर बसला. उरलेल्या वीतभर जागेत मी बसले.

तेवढ्यात वर पत्र्यावर काहीतरी धपकन पडलं आणि टीव्ही निळा झाला.

कोणी उठलं नाही.