इस्पितळाच्या लाइनवरचं घर

"शेवटचं कोण?" मायदेलीननं कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाबाहेरच्या रांगेकडे बघत विचारलं.

भिंतीला टेकलेल्या एका उंच तरुणानं हात वर केला. "मी. पण तुम्ही माझ्या पुढं उभ्या राहा... टॉवेलात तापानं फणफणलेलं बाळ असल्यासारखा चेहरा झालाय तुमचा."

टॉवेलात हार्ड डिस्क होती. एरवी मायदेलीननं त्याला चांगलं सुनावलं असतं, पण आज तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ती गुपचूप पुढं सरकली.

तिची आई नोर्मा म्हणजे क्युबातल्या अख्ख्या ओल्गीन शहराची लाडकी गायिका. गेल्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तिची सगळी गाणी आता फक्त लेकीच्या कॉम्प्युटरमध्ये होती, दोन जुळ्या डिस्कवर. एकीवर जे लिहिलं जाई ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जाई. एक गेली तरी दुसरी उरावी, एवढ्यासाठी मायदेलीन त्या जोडीला डोळ्यांत तेल घालून जपायची. परवा त्यातली एक गेली. दुसरी तिच्याच बरोबर, त्याच दुकानातून आणलेली, तेवढीच म्हातारी. कॉम्प्युटर सुरू करायचीसुद्धा आता मायदेलीनला भीती वाटत होती.

तिनं दुकानदाराला आईच्या गाण्यांचं सगळं सांगितलं, मागं उभ्या तरुणालाही ऐकू जाईल इतक्या काकुळतीनं. दुकानदारानं डिस्क कानाशी धरून हलवली आणि मान हलवली. ही संपली. नवी हवी तर पनामाहून कुणी येईल तेव्हा, महिना तरी लागेल.

ती बाहेर पडली, तर तो तरुण आपला नंबर सोडून तिच्या मागं आलेला.

"माझ्याकडे आहे एक... याच मापाची," तो म्हणाला. "उद्या मशीन घेऊन माझ्या घरी या."

"तुमच्या घरी कशाला? इथंच द्या ना."

"तुमच्याकडे लाइट किती वेळ टिकते?"

सगळं नव्या डिस्कवर उतरायला अख्खा दिवस लागणार, आणि तिच्या गल्लीतली वीज न्याहारी होईपर्यंतही टिकत नव्हती. याचं घर मात्र, तो म्हणाला, इस्पितळाच्या लाइनवर होतं. तिथली वीज सहसा तोडत नसत.

दुसऱ्या दिवशी सायकलरिक्षात कॉम्प्युटर मांडीवर घेऊन, प्रत्येक खड्ड्याला जीव मुठीत धरून ती पोचली. दार त्याच्या मावशीनं उघडलं.

"ये, पोरी. सकाळपासून यानं तीन शर्ट बदललेत. तुझं नाव विचारलं तर म्हणतो, विचारायचं राहिलं."

तिनं नाव सांगितलं. तो रेनिएर. त्याचे कान लाल झाले होते आणि ते तिला आवडलं, पण हे सुचायची ही वेळ नव्हे असंही तिला वाटलं.

डिस्क बसवली. आता भरलेली कुठली आणि रिकामी कुठली, हे मशीनला सांगायचं होतं. इथं चूक झाली असती, तर मशीननं कोरी डिस्क भरलेलीवर उतरवली असती, आणि नोर्माचा आवाज पुन्हा कुणाला ऐकू आला नसता. मायदेलीननं दोन्हींवरचे नंबर पुन्हा पुन्हा वाचले. बोट बटणावर गेलं... आणि थबकलं.

"माझ्यानं नाही होणार. तू दाब."

"आत्ता 'तू' म्हणालीस," रेनिएर म्हणाला.

"दाब ना रे!"

त्यानं स्वतः नंबर वाचले, तिच्याकडे बघितलं – आणि दाबलं.

मग नुसतं वाट बघणं. मावशीनं कॉफी दिली, मलांगाच्या कंदाची भजी दिली. मायदेलीनची नजर डिस्कवरून हलेना.

"त्या डिस्ककडे बघतेस तसं कुणी माझ्याकडे बघितलं असतं ना," रेनिएर म्हणाला, "तर मी कधी आजारीच पडलो नसतो."

"आधी हे होऊ दे. मग बघते."

"बघशील?"

ती हसणार, एवढ्यात आतल्या खोलीतून टीं-टीं असा आवाज आला. बारीक, हट्टी.

"मावशीचा फ्रिज," तो घाईघाईनं म्हणाला.

पण तो आवाज मायदेलीनच्या ओळखीचा होता. जोडीतली एक डिस्क नाहीशी झाली की मशीन असंच ओरडतं. ती उठून आत गेली. तिथं त्याचा कॉम्प्युटर होता. झाकण उघडं, एक खण रिकामा.

"तू तुझी जोडी मोडलीस? काय आहे उरलेलीवर?"

"भावाचे फोटो... तो उत्तरेकडे निघाला, अमेरिकेला, जंगलातून. अजून काही कळलं नाही त्याचं."

"आणि ही डिस्क मला देऊन टाकलीस! काल भेटलेल्या मुलीला!"

"तुझ्या आईचा आवाज एकाच म्हाताऱ्या डिस्कवर आहे म्हटल्यावर... मला झोप आली नसती."

तिला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याला घट्ट मिठी मारावीशीही वाटली. दोन्हीतलं काहीच झालं नाही, कारण बाहेरच्या खोलीत तिची जुनी डिस्क खटखट करायला लागली.

दोघं धावले. थोडंसंच उरलं होतं. खट... खट... मायदेलीननं त्याचा हात कधी धरला ते तिलाही कळलं नाही. नखं रुतली तरी तो हलला नाही. पट्टी इंचाइंचानं सरकली, अडली, पुन्हा सरकली – आणि भरली. पाठोपाठ जुनी डिस्क एकदा कण्हली आणि कायमची गप्प झाली.

"लाव एखादं," तो हळूच म्हणाला.

तिनं गाणं लावलं. नोर्माचा आवाज खोलीभर पसरला. मावशीनं आत शेगडी बंद केली. मायदेलीन वर्षभराचं रडली.

डोळे पुसल्यावर तिचं डोकं पुन्हा चालायला लागलं. आईचा आवाज आता एकाच डिस्कवर, आणि याचा भाऊही एकाच डिस्कवर.

"त्याचे फोटो आधी इकडे घेऊ," ती म्हणाली. "मग तुझी डिस्क हिच्या जोडीला लावू. सगळं दोन्हींवर राहील. माझी आई आणि तुझा भाऊ."

"म्हणजे एकच मशीन?" रेनिएरनं विचारलं. "मग ते राहणार कुणाच्या घरी?"

"इथंच. लाइट इथं आहे."

"आणि तू... अधूनमधून बघायला येशील?"

"रोज येईन," मायदेलीन म्हणाली. "आणि मशीनसाठी नाही येणार, रेनिएर."