कोपऱ्यातली कनात

तंबू आणि कनाती भाड्याने देणं हा माझा धंदा. सभा, प्रदर्शनं, शाळांची संमेलनं, असली कामं. डोंगरापलीकडे आपल्याच लोकांची आपल्याच लोकांशी लढाई जुंपली आणि माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी इकडे यायला लागली, तेव्हा क्रीडासंकुलाच्या व्यवस्थापक बाईंनी मला बोलावून घेतलं.

"भिंती नकोत हो," बाई म्हणाल्या, "आडोसा तेवढा करा. बायकांना कपडे तरी बदलता आले पाहिजेत."

केला आडोसा. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये दोऱ्या ताणल्या, कनाती सोडल्या, एकेका कुटुंबाला एकेक खोली झाली. शेवटची खोली कोपऱ्यात. तिथे एक आजी, तिची सून आणि सुनेचं तान्हं बाळ. त्यांच्या मागच्या कनातीपलीकडे थेट हॉलची भिंत. मध्ये हात जाईल एवढीच फट.

दुपारी मी ढिल्या झालेल्या दोऱ्या आवळायला जायचो. एकदा आजींनी मला थांबवलं.

"अरे, पलीकडच्यांना सांग जरा. सारखं खोकतायत. बाळ दचकतंय."

"आजी, पलीकडे भिंत आहे."

"मग काय, भिंत खोकतेय?"

मी हसत हसत कनात वर करून दाखवली. ओल आलेली भिंत, सुटलेले पोपडे, कोळिष्टकं. कनात खाली सोडली आणि पलीकडून खोकला आला. कोरडा, थकलेला. मग घसा खाकरल्याचा आवाज. खिडक्यांतून चांगलं लख्ख ऊन आत आलं होतं, पोरं चेंडू खेळत होती, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

सून माझ्यामागोमाग दारापर्यंत आली.

"दादा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "तो खोकला माझ्या सासऱ्यांचा आहे. आईंनीही ओळखलाय, कबूल करत नाहीत. गुरं सोडून येत नाही म्हणाले, घरीच राहिले. बाळाचे बाबा अर्ध्या वाटेतून मागे फिरले... त्यांना आणायला."

मी त्या तिघांना हॉलच्या मध्यावर जागा करून दिली. कोपरा एका निवृत्त पोस्टमनला आणि त्याच्या बायकोला मिळाला. दुसऱ्याच दिवशी पोस्टमन मला म्हणाला, "आमचा धाकटा पलीकडे शीळ घालतोय. ये म्हटलं तर येत नाही." संध्याकाळच्या ट्रकने त्याच्या गावचा माणूस आला. त्याने सांगितलं, धाकटा केव्हाच मारला गेला होता.

त्यानंतर कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. जेवणं उरकली की लोक येत, कनातीला कान लावून बसत. तिथे ओल्या राखेचा वास येऊ लागला होता. ज्याला आपल्या माणसाचा आवाज ऐकू आला, तो डोळे पुसत उठायचा. ज्याला काहीच ऐकू आलं नाही, तो जवळजवळ पळत घरच्यांकडे जायचा.

"काढून टाका ती कनात," बाई मला म्हणाल्या.

"काढतो. पण बाई, यांना दुसरीकडून बातमी कुठून येणार?"

बाईंनी त्या कोपऱ्याकडे एकदा पाहिलं. "राहू दे," म्हणाल्या.

सून मात्र तिकडे फिरकत नव्हती. आजी मागे लागायच्या, "एकदा ऐकून घे गं. जिवाचा घोर तरी संपेल."

"नको आई. ऐकलं नाही तोवर ते आहेत."

शेवटी एका दुपारी बाळाला मांडीवर घेऊन ती बसलीच. कान लावला, डोळे मिटले. आजी माझा दंड घट्ट धरून उभ्या होत्या. पुष्कळ वेळाने सून वळली, एकाच वेळी हसत आणि रडत.

"काही नाही, दादा! नुसती शांतता!"

आणि पुढच्या आठवड्यात तिचा नवरा खरंच आला. ट्रकमधून उतरला तेव्हा अंगावर चिखल वाळलेला, गाल आत गेलेले. वडील घराबरोबरच जळाले, एवढंच त्याने सांगितलं. आजींनी त्याला छातीशी धरलं आणि नवऱ्यासाठीचं सगळं रडू तेव्हा रडून घेतलं. तो फारसा बोलत नसे. बाळाला मात्र क्षणभर खाली ठेवत नसे.

लढाई थांबली. नदीकाठी पत्र्याच्या खोल्या बांधून झाल्या आणि हॉल रिकामा होऊ लागला. ज्या सकाळी त्यांचा ट्रक निघायचा होता, त्या सकाळी सून मला कनाती उतरवायला मदत करत होती. पार दुसऱ्या टोकाला, दारात, तिचा नवरा बाळाला खांद्यावर घेऊन उभा. आजी आधीच ट्रकमध्ये बसल्या होत्या. आम्ही दोघांनी कोपऱ्यातल्या कनातीची टोकं धरली. मी गाठ सोडणार, तेवढ्यात पलीकडून धाप लागल्यासारखा आवाज आला.

"अगं... ऐकतेस ना? पुलापर्यंत आलोय मी... पाय उचलत नाहीये गं. बाळ... बाळ कुणाकडे दिलंयस?"

आवाज ओळखीचा होता. गेले कित्येक दिवस मी तो याच हॉलमध्ये ऐकत होतो.

सुनेने कनातीकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं.

"ताई..." मी म्हणालो.

तिने ओठांवर बोट ठेवलं. हातातलं टोक खाली सोडलं आणि संथ चालीने दारापर्यंत गेली. आधी बाळ त्याच्या खांद्यावरून काढून घेतलं, पदराखाली घेतलं. आणि ट्रककडे न वळता सरळ बाईंच्या ऑफिसात शिरली. आतून कडी लावल्याचा आवाज मला कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

तो तिच्यामागे गेला नाही. रिकामे हात तसेच खांद्याशी धरून उभा राहिला. मग हॉल ओलांडून माझ्याजवळ आला, कनातीच्या अगदी जवळ, आणि कुणी ऐकू नये अशा बेताने त्याने विचारलं,

"दादा... काय म्हणत होता तो?"