एकतीसचा पट

मी फिजिक्सचा एम.एस्सी.; अमरावतीच्या एका अध्यापक महाविद्यालयात संध्या मॅडमच्या अभ्यासक्रम-संशोधनावर सहायक आहे. बी.एड.चे विद्यार्थी अकोल्याच्या शाळांत सराव पाठ घेतात, पाठानंतर निरीक्षणपत्रक भरतात, आणि मी मागे बसून माझी नोंद करतो. दोन्ही नोंदी जुळल्या तर अहवाल जाणार. अहवाल गेला तरच माझी पीएच.डी.ची नोंदणी.

जुळत काहीच नव्हतं, कारण पत्रकं आधीच भरलेली असत. तोवर आलेल्या चाळीसही पत्रकांत एकच वाक्य : 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' एका पाठाच्या तारखेला तर शाळेला सुट्टी होती.

मग बी.एड.च्याच आकांक्षाचं पत्रक सोमवारी आलं. पाठ गुरुवारी. मी तिला जठारपेठेतल्या तिच्या सराव-शाळेच्या व्हरांड्यात गाठलं.

"निदान पाठ होऊ तरी द्यायचा!"

"सगळेच आधी भरतात, सर. मलेच काहून बोलून राहिले?"

तिच्या पत्रकात मात्र ते वाक्य नव्हतं. 'अकरा अठराला पंखा बंद. अकरा बावीसला खडू मोडला. दुसऱ्या बाकावरची मुलगी विचारते, प्रकाशाला वजन असतं का? पट : एकतीस.' खोटंच लिहायचं तर इतकं बारीक कशाला?

चिडून मी गुरुवारी घड्याळ घेऊन बसलो. सातवीचा वर्ग. मुलं दोनदा मोजली : बत्तीस. कोण कुठे बसलंय त्याचा आराखडा काढला.

अकरा अठराला पंखा थांबला.

अकरा बावीसला खडू मोडला.

मग दुसऱ्या बाकावर मधे बसलेली, लाल रिबनची मुलगी उभी राहिली. तिचा प्रश्न मला ऐकावा लागला नाही.

पाठानंतर मी हट्टाने एकच चूक धरून बसलो. "पट चुकलाय. बत्तीस आहेत."

"आज बत्तीसच आहेत, सर," आकांक्षा फळा पुसत म्हणाली.

संध्या मॅडम फोनवर वैतागल्या. "अरे, हजेरीपट बघ आणि मिटव ना ते!"

शुक्रवारी हजेरीपट बघितला. एकतीस नावं. क्रमांक सलग, कुठे खाडाखोड नाही.

दुसऱ्या बाकावर दोघी ऐसपैस बसल्या होत्या.

"मधली कुठे गेली?"

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. "सर, आमी दोघीच बसतो न इथं."

मॅडमचा पुन्हा फोन. "आजच पाठवायचाय. काय लिहू?"

मी आराखड्यातला एक चौकोन खोडला. "एकतीस. सगळं जुळतंय."

मधली सुट्टी झाली होती. व्हरांड्यात खिचडी वाढणाऱ्या माणिकबाई पुटपुटत होत्या, "मोजून वाढलं बाप्पा, तरी एक ताट उरूनच राहिलं."

त्यांनी ते ताट सातवीच्या ओळीत, दोन मुलींच्या मधे ठेवलं. उठताना त्यांचा हात सवयीने हवेत फिरला, बसलेल्या मुलीचं डोकं असावं तितक्याच उंचीवरून.