दोन डावे पाय

"जेवणं आटोपली ना सूनबाई? मग आता दुसरा पाय कापून टाक," सासरे कारखान्याच्या दारातून म्हणाले, आणि मेजावर वाकलेली ती तशीच वाकलेली राहिली.

कारण दुसरा पाय कापून झालेला होता. सासऱ्यांनी सकाळी कापलेल्या पहिल्या पायाच्या शेजारी तो मेजावर पसरलेला होता, आणि तो तिने कापलेला नव्हता! ती स्वयंपाकघरात भांडी आवरत होती तेवढ्यात सासऱ्यांनी स्वतःच तो कापला होता, मग आत जाऊन ते जरा आडवे झाले होते, आणि उठले ते हे सगळं विसरूनच उठले होते. घरात त्या दोघांशिवाय कापायच्या रापीला हात लावणारं कुणीच नव्हतं. आणि तेवढ्यावर भागलं असतं तरी देव पावला असता, पण नाही... मेजावरचे दोन्ही पाय डावेच होते!

घोड्यावर बसणारी माणसं विजारीवरून चामड्याची चॅप्स चढवतात, कमरेपासून थेट घोट्यापर्यंत, खोगिराला घासून पाय सोलवटू नयेत म्हणून. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हीच चॅप्स हाताने बनत होती. दोन्ही पायांना पुठ्ठ्याचा साचा एकच, पण डावा पाय कापला की उजव्यासाठी तो साचा उलटा करायचा. त्यात गफलत नको म्हणून सासऱ्यांनीच त्याच्या एका बाजूला लाल रंग फासून ठेवला होता. साचा उलटायचा राहिला तर दोन सारखे पाय हातात येतात, आणि मग डोकं आपटलं तरी काही उपयोग नसतो. चामड्याची गुळगुळीत बाजू बाहेर आणि खरखरीत बाजू आत असते, एक पाय उलटून घालावा म्हटलं तर तेही जमत नाही. कातडं वाया जातं.

आणि हे कातडं साधं नव्हतं. घोडेस्वारी शिकवणाऱ्या बाईंनी आपल्या खोगिराच्या रंगाशी जुळणारं म्हणून ते कातडी कमावणाऱ्याकडून खास करवून घेतलं होतं. त्या बाई आत्ता सासऱ्यांच्या मागेच उभ्या होत्या, काम कुठवर आलं ते बघायला आलेल्या. त्यांच्या शेजारी तिचा नवरा.

पहिलं लक्ष नवऱ्याचंच गेलं. तो पुढे आला, दोन्ही पाय त्याने एकमेकांवर ठेवले, आणि काठाला काठ तंतोतंत जुळला तेव्हा त्याने वर बघितलं.

"बाबा," तो म्हणाला, "हे दोन्ही डावे आहेत."

त्या घराचा एक नियम होता, आणि तो सासऱ्यांनीच घातलेला होता. ज्याच्या हातून कातडं वाया जाईल त्याने पुन्हा कापायच्या मेजापाशी उभं राहायचं नाही. हा नियम त्यांनी पोटच्या पोराला लावला होता. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा मुलाच्या हातून एक कातडं बिघडलं, आणि तेव्हापासून तो पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांच्या पायांची मापं घेत बसला तो बसलाच. पुढे लग्न होऊन ती घरात आली. शिवणकामातली तिची सफाई बघून सासऱ्यांनी एक दिवस तिच्या हातात रापी ठेवली. नातेवाईक तोंडाला पदर लावून हसले, सासूबाईंनी कपाळाला हात लावला, पण म्हातारा बधला नाही. मुलाला नाकारलेली जागा त्याने सुनेला दिली! आणि सारं आयुष्य तो स्वतः छातीवर हात मारून सांगत आला होता की ज्या दिवशी माझ्या हातून कातडं वाया जाईल त्या दिवशी मीही रापी खाली ठेवीन.

तिने सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, लपवाछपवी नव्हती. त्यांना खरंच आठवत नव्हतं... आणि ते कळताच त्या कातड्याचं दुःख कुठल्या कुठे वाहून गेलं. रापी गेली तर हा माणूस दुसऱ्या दिवशी उठेल कशासाठी? आणि रापी का गेली हे त्याला कळलं, तर?

"माझ्या हातून झालं, बाबा," ती म्हणाली. "साचा उलटायचा राहिला."

सासरे कधी आवाज चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही. बाईंच्या देखत, मुलाच्या देखत, आतून धावत आलेल्या सासूबाईंच्या देखत ते एवढंच म्हणाले, "हात शिकवता येतो, लक्ष शिकवता येत नाही. परक्या घरून आलेल्या पोरीच्या हाती रापी दिली, हा मूर्खपणा माझा."

परक्या घरून! याच माणसाने तिला या घरात पहिल्यांदा घरचं मानलं होतं. तिची मान खाली गेली. मेजाची कड घट्ट धरून ती उभी राहिली. ते दोन पाय तिने कुणाचा हात लागायच्या आत गुंडाळले आणि माळ्यावर नेऊन टाकले. सासऱ्यांनी तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. बिघडलेल्या कातड्याकडे ते कधीच बघत नसत.

त्या दिवसापासून ती खिडकीखालच्या शिवायच्या पाटावर बसू लागली. आरीने भोकं पाडायची, दोऱ्याला मेण लावायचं, बक्कलं टाचायची. कामाला ती कधीच लाजली नव्हती, पण आता लाज तिला उठता-बसता चिकटली. शेजारचा खोगीरवाला तसा मनाने वाईट नव्हता, पण जिभेला हाड नाही! येता-जाता विचारायचा, "काय वहिनी, दोन डाव्या पायांचं गिऱ्हाईक मिळालं का?" सासूबाई भाजी चिरताना भाजीलाच सांगत, की काही लोकांचं मन थाऱ्यावर नसतं, त्याला कोण काय करणार. आणि नवरा... नवरा काहीच बोलत नसे. तो टाकून बोलला असता तर बरं, असं तिला वाटायचं. पण त्या दिवशी "दोन्ही डावे आहेत" म्हणताना त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन सरकून गेलं होतं, आणि ते काय होतं हे तिला कळलेलं होतं. त्याने तिला एकदाही विचारलं नाही की तुझ्याकडून असं झालंच कसं.

सगळ्यात विचित्र गोष्ट अशी, की चूक तिची नव्हती हे जगात फक्त तिला ठाऊक होतं, तरी तिला चूक केल्यासारखंच वाटू लागलं! रात्रंदिवस माणसाला कुणी अपराधी म्हणत राहिलं की अंग आपोआप चोरलं जातं. बाई दिसल्या की ती मागच्या दाराने जायची. पाटावर बसल्या बसल्या तिची नजर मात्र मेजावर असे. सासरे मेण लावलेल्या दोऱ्याला पुन्हा मेण लावत. घेतलेलं माप पुन्हा घेत. आरी हातात असताना आरी शोधत. ती काही न बोलता उठायची, गोष्टी जागेवर ठेवायची, साचा योग्य बाजूने फिरवून ठेवायची आणि पाटावर येऊन बसायची. कुणाला काही कळू द्यायचं नाही, हे एवढं एकच व्रत. कधीकधी तिला स्वतःच्या या चांगुलपणाचं मनातल्या मनात कौतुक वाटे, आणि लगेच त्या कौतुकाचीही लाज वाटे.

एका सकाळी ती पुढच्या खोलीत बक्कलं मोजून ठेवत होती. सासऱ्यांना पट्ट्यासाठी कातड्याचा तुकडा हवा होता, आणि कुणाला हाक न मारता ते स्वतःच माळ्यावर चढले. बराच वेळ वरून काही आवाज आला नाही, तेव्हा ती धसकून धावत गेली. सासरे माळ्याच्या फळीवर बसले होते. मांडीवर ते दोन पाय पसरलेले. डोळे मिटून ते अंगठा काठावरून फिरवत होते.

"बाबा, खाली चला. मी देते तुकडा काढून."

"बैस इथे."

ती बसली.

"मांडीच्या वळणाला तू रापी उचलतेस," ते म्हणाले. त्यांचा अंगठा अजून फिरतच होता. "पहिल्यापासून उचलतेस. किती सांगितलं, पण तुला धीर होत नाही. उचललेल्या जागी काठाला बारीकसा सांधा राहतो. हा एक पाय बघ, सांधा नाही. हा माझा." मग त्यांनी दुसरा पाय ओढून घेतला. "यालाही सांधा नाही. हाही एका दमात कापलेला आहे."

तिने काठावर बोट फिरवून बघितलं.

"मला आठवत नाही," ते म्हणाले. "आत्ताही आठवत नाही. पण हात माझाच आहे."

ती त्यांच्या पायांशी वाकली, रडू लागली, म्हणाली, तुमची रापी सुटू नये एवढंच मनात होतं, दुसरं काही नव्हतं. तिला वाटलं होतं की कधी काळी हे उघड झालंच तर ते तिच्या डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी हात ठेवला नाही. त्यांचा चेहरा वेदनेने आवळला होता.

"मी तुला चारचौघांत परकी म्हणालो," ते म्हणाले. "तुझ्या नवऱ्यासमोर म्हणालो. आणि तू मला म्हणू दिलंस. रोज समोर बसून भोकं पाडत राहिलीस, आणि मी रोज तुझ्याकडे रागाने बघत राहिलो. पोरी, मला एवढं लाजवताना तुला काहीच कसं वाटलं नाही?"

हा घाव तिच्या वर्मी बसला! तिने आपला अपमान गिळला होता, पण त्या गिळण्यात या स्वाभिमानी म्हाताऱ्याला तिने नकळत अन्याय करायला लावलं होतं. त्याची लाज वाचवायला निघाली, आणि दामदुप्पट लाज त्याच्या पदरात टाकून बसली. आणि जो आजार वेळीच कुणाला दाखवायला हवा होता, तो तिने हाताने झाकून ठेवला होता.

"चुकलं, बाबा," ती म्हणाली. या वेळी ते खरं होतं.

"माझंही," सासरे म्हणाले, आणि मग हुंदका आवरेना तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

खाली उतरल्यावर त्यांनी मुलाला बाईंकडे पाठवलं. बाई येईपर्यंत ते मेजापाशी उभे राहिले. ज्यांच्या कानांवर ते शब्द पडले होते ती सगळी माणसं जमली, तेव्हा त्यांनी दोन्ही पाय मेजावर ठेवले आणि सांगितलं, की हे मी कापले, कापून विसरलो, आणि हिला नको ते बोललो. पुढचं बोलताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. "परका इथे कुणी असेल तर मी आहे, ज्याला आपल्या घरातलं माणूस कळलं नाही." मग त्यांनी रापी पुसली आणि सुनेच्या पुढे ठेवली. बाई त्यांना उगी करायला गेल्या, म्हणाल्या कातडं काय, दुसरं करवून घेऊ, वाटलं तर थोडं थांबू. सासूबाई पदर तोंडात धरून आत निघून गेल्या, आणि त्या दिवशी भाजीशी काही बोलल्या नाहीत.

दुपारी नवरा तिच्या पाटाशी येऊन उकिडवा बसला. दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळू लागला.

"त्या दिवशी," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मला बरं वाटलं होतं. वाटलं, चला, हिच्याही हातून झालं... म्हणून मी काही विचारलं नाही तुला."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत होतं?"

"तेव्हाच कळलं."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिने आरी बाजूला ठेवली आणि त्याच्या जवळ सरकली.

नवऱ्यानेच सासऱ्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर थोडं बरं झालं असतं, गेलेलं परत येणार नाही, पण औषधाने पुढचं जरा सावकाश जाईल. हातांना सवयीचं काम देत राहा, आणि एकटं सोडू नका. ते "आधी" तिच्या मनात रुतलं, आणि तिने ते उपटून काढायचा प्रयत्न केला नाही. ती आता औषधाच्या वेळा सांभाळू लागली, आणि सासरे काही विसरले की सरळ सांगू लागली, "बाबा, हे झालंय." पहिल्यांदा तिने तसं सांगितलं तेव्हा ते तिच्याकडे बघून म्हणाले, "सांगत जा."

मग बाईंचं नवं कातडं आलं. ते मेजावर उलगडलं तेव्हा सासऱ्यांनी मुलाला हाक मारली. म्हणाले, "ये इकडे. एका कातड्यापायी मी तुला बाहेर बसवलं, माझ्या हातूनही दोन बिघडली असतील, कुणी मोजलीत? नियम गेला चुलीत. ती टोकाची बाजू धर." नवरा दारातच घुटमळला. मापाची पट्टी गळ्यात, इतका मोठा माणूस, पण मेजापाशी यायला त्याचे पाय उचलेनात. आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते.

कापताना कातडं हलू नये म्हणून ते दाबून धरायला कुणीतरी लागतं. ते शिकाऊ माणसाचं काम. सासरे स्टूल ओढून मेजाशी बसले, दोन्ही तळवे उघडे करून, आणि वर बघून त्यांनी विचारलं, "सूनबाई, मी कुठे धरू?"

आजवर तिने त्यांना कधी हुकूम दिला नव्हता. "इथे, बाबा," ती म्हणाली, आणि बोटाने जागा दाखवली. त्यांनी तिथे तळवे ठेवले. तिने रापी कमरेपासून लावली आणि हळूहळू खाली आणू लागली. मांडीचं वळण जवळ आलं तसं त्यांचं लक्ष खिडकीबाहेर गेलं, हात ढिले पडले, कातडं किंचित सरकलं. ती थांबली. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. सासरे भानावर आले, आपल्या हातांकडे बघू लागले, आणि ओशाळून त्यांनी पुन्हा विचारलं, "मी कुठे धरू?"

"इथे, बाबा," ती म्हणाली, पहिल्याइतक्याच सहज, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, आणि त्यांनी पुन्हा तिथेच हात ठेवले.